यंदाची सेलरी

५ मार्च

ही वही आरीमावशीने वाढदिवसाला दिली. "मलिंडा, सव्वीस वर्षांची झालीस," ती म्हणाली, "पण तुझ्या मनात काय चाललंय ते तुझ्या आईलाही कळत नाही. निदान कागदाला तरी कळू दे."

मी म्हटलं, माझ्या मनात विशेष काही चालत नाही.

"मग तेच लिही," ती म्हणाली. "रोज."

रोज लिहिणार नाही. नोंद घेण्यासारखं काही घडेल तेव्हा लिहीन.

आज घडलं ते असं. आईने स्वयंपाकघराच्या खिडकीत सेलरीचं बी पेरलं. दरवर्षी एक पत्र्याचा ट्रे असतो. यंदा ट्रे खिडकीत मावेनात, म्हणून शिवणाच्या टेबलावरही ठेवले. सेलरी जास्त दिसली की आमच्या भागात लोक लगेच लग्न ओळखतात. लग्नाच्या जेवणाला ती ढिगाने लागते, शिजवून, कच्ची, आणि टेबलावर बरण्यांतून उभी करून ठेवायलासुद्धा. पण आमच्या घरात तसं काही नाही. धाकटी बहीण लिडियान जेमतेम वीस वर्षांची आहे, आणि दुसरी मुलगी मी. म्हणून मी आईला कारण विचारलं.

"आरीला बाजारातल्या गाळ्यावर ठेवायला हवीय," आई म्हणाली.

मावशी गाळ्यावर लोणची आणि मुरंबे विकते. यंदा भाजीही ठेवायचा विचार असेल.

१९ मार्च

मी दूध तपासायचं काम करते त्या डेअरीत बेन्यूअल पीटर्सहाइम आला होता. एका गाईच्या चारही सडांचं दूध वेगवेगळ्या बाटल्यांत घेऊन. गाईला दगडी, म्हणजे कासेचा दाह, झाली असावी असा त्याचा संशय होता. मी तपासलं. मागच्या उजव्या सडात होती, बाकीचे तीन स्वच्छ.

बेन्यूअल शाळेत माझ्या दोन इयत्ता पुढे होता. एकोणिसाव्या वर्षी तो दूर पश्चिमेला, मोंटानाला गेला, लाकडी घरं बांधणाऱ्या टोळीबरोबर. बाप्तिस्मा आमच्यात मोठेपणी, स्वतः ठरवून घेतात. तो घ्यायच्या आधीच गेला, त्यामुळे त्याच्यावर मंडळीने बहिष्कार टाकायचा प्रश्न आला नाही. बाप्तिस्मा घेऊन गेला असता तर आज त्याच्याबरोबर एका टेबलावर कुणी जेवलं नसतं. गेल्या शरदात त्याच्या वडिलांना, आरनकाकांना, पक्षाघात झाला आणि तो गाई सांभाळायला परत आला. आल्यापासून लोक त्याच्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलतात. कधी जाणार, हे विचारत नाहीत एवढंच.

मी त्याला निकाल सांगितला आणि त्या सडाचं दूध टाकीत घालू नकोस असं बजावलं.

"तू अजून तशीच बोलतेस," तो म्हणाला.

"कशी?"

"मापात. शाळेत मी तुला एकदा विचारलं होतं, बाहेर थंडी आहे का. तू म्हणालीस, बादलीतल्या पाण्यावर पातळ बर्फ आहे."

मला हे आठवत नाही. पण उत्तर योग्य होतं.

१० एप्रिल

बेन्यूअल पुन्हा नमुना घेऊन आला. या खेपेला पॅन्सी नावाच्या गाईचा. निरोगी. गेल्या आठवड्यातही त्याने पॅन्सीचंच दूध आणलं होतं, तेव्हाही निरोगीच होतं.

मी त्याला सांगितलं की निरोगी गाय इतक्यांदा तपासायची गरज नसते.

"ती निरोगी आहे हे तुझ्या तोंडून ऐकलं की बरं वाटतं," तो म्हणाला.

हे कारण शास्त्रीय नाही. तरी मी नमुना ठेवून घेतला, कारण तो आणलेला होता.

१३ मे

आज प्रार्थना झुक यांच्या कोठारात होती. सप्टेंबरमध्ये बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यांचे वर्ग आजपासून सुरू झाले. पहिलं गीत सुरू झालं की उपदेशक उठून माडीवर जातात आणि जे उमेदवार असतील ते त्यांच्या मागोमाग जातात. कोण उठतं याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, आणि सगळे गीताच्या पुस्तकात बघत असल्यासारखं दाखवतात. सतरा-अठरा वर्षांची मुलं उठली, दोन मुली उठल्या, आणि शेवटी बेन्यूअल. त्या पोरांमध्ये तो वासरांच्या रांगेत बैल उभा राहावा तसा दिसत होता.

परतताना बग्गीत आई म्हणाली, "चांगलं झालं. आरनचा पोरगा राहणार म्हणजे."

बाबा म्हणाले, "सप्टेंबरपर्यंत बघू."

"तुम्ही नेहमी असंच बोलता."

"अगं, मी काय वाईट बोललो? सप्टेंबर यायचाय, एवढंच म्हटलं."

बाबांचं म्हणणं तर्काला धरून होतं. तरी मला ते आवडलं नाही, आणि का आवडलं नाही ते मी नीट सांगू शकत नाही.

१४ जून

पॅन्सी निरोगी.

बेन्यूअल दारात रेंगाळला. मी सूक्ष्मदर्शकावर होते. डेअरीचे मालक मेनोनाइट आहेत, आमच्याच जवळच्या पण जरा सैल पंथाचे, म्हणून त्यांच्याकडे वीज आहे. दूध तपासायच्या परवान्याचा अभ्यासक्रमही त्यांनीच माझ्याकडून करून घेतला. आमच्यात आठवीनंतर शाळा नसते, म्हणून बिशप रूबेन यांना विचारावं लागलं होतं. ते म्हणाले, दूध तपासणं हे काम आहे, शिक्षण नव्हे, करू दे पोरीला.

"मोंटानाहून बोलावणं आलंय," बेन्यूअल म्हणाला. "टोळीचा मुकादम म्हातारा झालाय. मी यावं आणि टोळी चालवावी, म्हणतोय. सप्टेंबरअखेर त्यांची गाडी इकडून जाणार आहे."

मी विचारलं, "मग गाईंचं काय?"

"धाकटा चुलता घेईल म्हणतो."

"आणि वर्ग?"

"वर्गाला जातो. मनापासून जातो. पण माझं मन मलाच पुरतं ठाऊक नाही, मलिंडा. तुला कसं कळलं होतं? तू तर अठराव्या वर्षीच घेतलास."

मी विचार करून उत्तर दिलं. म्हटलं, मला इथली माणसं आवडतात असं मी कधी म्हणत नाही, पण ती नसलेल्या ठिकाणी मी कशी असेन याची मला कल्पना करता आली नाही.

तो म्हणाला, "हे तू आजवर बोललेलं सगळ्यात लांब वाक्य आहे."

गेल्यावर लक्षात आलं, रिकामी बाटली तो पुन्हा इथेच विसरला. कपाटात त्याच्या बाटल्यांची रांग झाली आहे.

६ जुलै

सेलरी बागेत लावली. आई, लिडियान आणि मी. रस्त्याच्या कडेचा सगळा वाफा भरला, तरी रोपं उरली. मी आईला म्हटलं, बाजारासाठी ही फार आहेत, मावशीला सगळी विकता येणार नाहीत.

आई लिडियानकडे बघायला लागली. लिडियान मातीकडे. आणि मग लिडियान हसायला लागली. हसता हसता वाफ्यातच बसली.

"ताई," ती म्हणाली, "तू दुधातले जंतू बघतेस आणि तुला शनिवारी अंधार पडल्यावर आपल्या अंगणात उभी राहणारी बग्गी दिसत नाही?"

बग्गी मला दिसली होती. ती बाबांकडे कामासाठी आलेल्या कुणाची तरी असेल असं मी धरून चालले होते.

सिल्वन लॅप. नदीपलीकडच्या मंडळीतला. लग्न नोव्हेंबरमध्ये. ऑक्टोबरमध्ये डीकन, म्हणजे बिशपचे मदतनीस, प्रार्थनेत जाहीर करेपर्यंत कुणाला कळता कामा नये, सख्ख्या चुलत्यांनासुद्धा नाही. लिडियानने माझे मातीचे हात धरून वचन घेतलं. मी दिलं. असं वचन मोडलं तर आमच्यात लग्नाची अर्धी गंमतच जाते. आई तर म्हणते, देवासमोर बोलायच्या गोष्टी आधी कुंपणावर बोलू नयेत.

सिल्वन कसा आहे असं मी विचारलं. "घोड्यांशी फार गोड बोलतो," लिडियान म्हणाली. मला तो चालेल.

२ ऑगस्ट

मावशीच्या घरी गोधडीला बसलो होतो. चौकटीभोवती बारा-तेरा बायका. सेलरीचा विषय निघणारच होता, कारण आमचा वाफा रस्त्यावरूनच दिसतो.

"एबरसोलांकडे यंदा सेलरी जोरात आहे म्हणे," माल्व्हीना ग्लिक म्हणाली आणि सुई टोचता टोचता माझ्याकडे बघितलं.

मी दोरा ओवत होते. माझ्याआधी मावशीच बोलली. "असेल बाई. मोठीचं आता व्हायलाच हवं, नाही का? गिडियन किंगची बग्गी हल्ली किती वेळा दिसते त्यांच्याकडे!"

सगळ्या बायका एकदम "अस्सं!" म्हणाल्या.

गिडियन किंग विधुर आहे. बाबांबरोबर शाळेच्या समितीवर आहे, शाळेच्या छपराचं बोलायला येतो. पावसात एकदा त्याने मला डेअरीपासून घरी सोडलं. वाटेत तो फक्त पत्र्याच्या जाडीविषयी बोलला.

घरी येताना मी मावशीला विचारलं, असं का म्हणालीस?

"अगं, तुझ्या आईने मला सांगितलंय. लिडियानचं झाकायला नको?" ती म्हणाली. "सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं की धाकटीकडे कोण बघणार? तुला काय त्याचं? तू तर दगडासारखी. लोक काही म्हणोत, तुला लागतं थोडंच."

मी म्हटलं, नाही लागत.

२१ ऑगस्ट

बेन्यूअलने आज बाटली आणली नव्हती. नुसताच आला. हॅट हातात फिरवत होता.

"तुमच्या बागेत यंदा सेलरी पुष्कळ आहे," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "पुष्कळ आहे."

"चांगली आलीय."

"माती चांगली आहे."

त्याने हॅट घातली. "गिडियन भला माणूस आहे," तो म्हणाला.

मी वचनाचा विचार केला. गिडियन नाही म्हटलं तर मग कोण, हा प्रश्न येतो. सेलरी माझी नाही म्हटलं तर ती कुणाची, याचं उत्तर आमच्या घरात एकच उरतं. कुठूनही गेलं तरी लिडियानपाशीच येतं. म्हणून मी म्हटलं, "हो, भला आहे." ते खरंही आहे.

तो गेल्यावर मी एकच नमुना दोनदा तपासला. पहिल्या खेपेला काय दिसलं ते लक्षात राहिलं नव्हतं.

११ सप्टेंबर

तेव्हापासून पीटर्सहाइमांकडून नमुना नाही. गाई निरोगी असणार.

सेलरीला मातीची भर दिली, म्हणजे देठ पांढरे राहतात. भर देताना रस्त्यावरून बेन्यूअलची बग्गी गेली. घोडा नेहमीपेक्षा जोरात होता.

मावशी कुंपणाशी उभी होती. तिने बग्गीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मलिंडा," ती म्हणाली, "मी गोधडीला त्या दिवशी काही वेड्यासारखं बोलले का गं?"

"लिडियानचं झाकलंस," मी म्हटलं.

"हो, पण उघडं काय पडलं?"

मी फावडं धुवायला गेले.

२२ सप्टेंबर, शनिवार

उद्या बाप्तिस्मा. आज संध्याकाळी उमेदवारांना बिशपसमोर शेवटचं जायचं असतं. बिशप त्यांना विचारतात, मागे फिरायचं असेल तर आज फिरा, त्यात लाज नाही. आणि मोंटानाची गाडी मंगळवारी जाणार.

दुपारी मी बेन्यूअलच्या रिकाम्या बाटल्या टोपलीत घातल्या आणि त्यांच्या शेतावर गेले. बाटल्या उकळून घेतल्या होत्या. त्या परत करायला हव्याच होत्या.

आरनकाका ओट्यावर आरामखुर्चीत होते. पक्षाघातापासून त्यांना मोजकेच शब्द येतात. मला बघून म्हणाले, "बस." मी बसले. मग म्हणाले, "गोठा," आणि चांगल्या हाताने तिकडे दाखवलं. मी उठले.

बेन्यूअल गव्हाणीची फळी बसवत होता. जाणारा माणूस गव्हाण दुरुस्त करत नाही असं मला वाटलं. मग वाटलं, जाणारा चांगला माणूस करतो. या निरीक्षणावरून काहीच सिद्ध होत नव्हतं.

"बाटल्या," मी म्हटलं.

"बाटल्यांसाठी एवढं चालत आलीस?"

"डेअरीत जागा होत नव्हती."

त्याने हातोडी खाली ठेवली. "संध्याकाळी रूबेनकाकांकडे जायचंय. काय बोलू तेच कळत नाही. गाडीत माझी जागा धरून ठेवलीय. इकडेही धरून ठेवलीय." तो माझ्याकडे वळला. "तुला काही सांगायचंय का, मलिंडा?"

दोन वाक्यं पुरली असती. ती सेलरी माझी नाही. माझं कुणाशी काही ठरलेलं नाही. लिडियानने रागावून मला माफ केलं असतं, ती तशीच आहे. वचन हे अर्धंच कारण होतं.

दुसरं अर्धं असं. मी बोलले असते आणि तो राहिला असता, तर उद्या तो गुडघे टेकताना कुणापुढे टेकतोय हे त्याला कळलं नसतं आणि मलाही नाही. ते वचन आयुष्यभराचं असतं. एखाद्या वाईट वर्षी, गाई मेल्यावर किंवा माझ्या अशा बोलण्याचा कंटाळा आल्यावर त्याला मोंटाना आठवलं असतं. आणि मी बघत बसले असते, की याला मी ठेवून घेतलंय.

मी म्हटलं, "पॅन्सीचं दूध आलं नाही बरेच दिवस."

"बरी आहे ती."

"मग ठीक आहे," मी म्हटलं आणि निघाले. फाटकापर्यंत मागे वळले नाही.

मला तो जायला नको आहे. इथे लिहून ठेवते. मावशीने वही यासाठीच दिली असावी.

२३ सप्टेंबर

उमेदवार आत आले ते रांगेने. पोरं, मग दोघी मुली, मग पुढे कुणीच नाही. बिशपसमोरच्या बाकावर एका माणसाची जागा रिकामी राहिली. मी तिकडे न बघता माझ्या एप्रनच्या शिवणीकडे बघत होते. ती सरळ होती.

मग दार वाजलं. तो वडिलांना धरून आत आणत होता, म्हणून उशीर झाला होता. त्याने त्यांना म्हाताऱ्यांच्या बाकावर बसवलं, त्यांची काठी भिंतीला टेकवली, आणि जाऊन त्या रिकाम्या जागेवर बसला. सगळे बसतात तसा, पुढे वाकून, हाताने चेहरा झाकून.

गुडघे टेकायची वेळ आली तेव्हा टेकले. डीकनने कपाने बिशपच्या ओंजळीत पाणी ओतलं आणि ते त्याच्या केसांवरून कॉलरमध्ये गेलं. आरनकाका मोठ्याने रडले. शब्द गेले असले तरी रडणं त्यांना पूर्ण येतं.

मीही रडले. आई माझ्याकडे वळून बघू लागली, तेव्हा सर्दी आहे असं सांगितलं. तो माझं लग्न दुसऱ्या कुणाशी ठरलंय असं समजून राहिला. म्हणजे तो खरोखर राहिला.

७ ऑक्टोबर

प्रभुभोजनाचा विधी झाला. लग्नं त्यानंतरच जाहीर होतात. वाफ्यातली सेलरी आता काढण्याजोगी आहे. पीटर्सहाइमांकडून नमुना नाही.

२१ ऑक्टोबर, रविवार

आज जाहीर झालं. सगळं लिहिते.

लग्न जाहीर होतं त्या रविवारी मुलगी प्रार्थनेला येत नाही. ती घरी राहून मुलासाठी जेवण करते. डीकनने नावं वाचली की मुलगा हॅट उचलून बाहेर पडतो आणि थेट तिच्याकडे जातो. त्यामुळे आज प्रत्येकाला माहीत होतं की एबरसोलांची एक मुलगी येणार नाही. आणि कोणती, हेही माहीत आहे असं त्यांना वाटत होतं.

लिडियान पहाटेपासून कोंबडी भाजायच्या तयारीत होती. गडबडीत मिठाऐवजी साखर घालणार होती. मी डबे बदलून ठेवले आणि आईबरोबर निघाले.

मुली वयाच्या क्रमाने आत जातात. अविवाहितांमध्ये मी पहिली असते. मी दारातून आत पाऊल टाकलं आणि बायकांच्या बाकांवर कुजबूज झाली. माल्व्हीना ग्लिकने मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"अगं, तू इथे कशी?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"प्रार्थनेला," मी म्हटलं.

मागून आरीमावशीचं हसू आलं. तिने ते खोकल्यात नेलं.

पुरुष आमच्यासमोर बसतात. बेन्यूअल तिसऱ्या बाकावर होता, मान खाली. पहिलं गीत पूर्ण झालं तरी त्याने वर बघितलं नाही. माझी जागा रिकामी असणार हे त्याने धरून ठेवलं होतं आणि ती बघायची नव्हती, असं मला आता वाटतं. तेव्हा नुसती त्याची हनुवटी दिसत होती. दुसरं गीत सुरू झालं. ते सगळ्यांना पाठ आहे, त्यासाठी पुस्तकात बघावं लागत नाही. त्याने मान वर केली.

त्याचं तोंड उघडं राहिलं, आणि तो गात नव्हता. शेजारच्याने कोपर मारलं तरी गात नव्हता.

मी दृष्टी वळवली नाही. सहसा वळवते.

शेवटी डीकन उठले. "लिडियान एबरसोल आणि सिल्वन लॅप." सिल्वन दाराशी बसला होता. तो लाल होऊन हॅट न घेताच पळाला, मग हॅटसाठी परत आला. अख्खी सभा हसली, बिशपसुद्धा. बेन्यूअल हसला नाही. तो अजून माझ्याकडेच बघत होता, एखाद्या निकालाकडे दोनदा बघावं तसा.

२२ ऑक्टोबर

सकाळी मी पोहोचायच्या आधी तपासणीच्या खोलीच्या पायरीवर दुधाची एक बाटली होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं, पॅन्सी.

तपासलं. निरोगी. निकाल कळवायला मी स्वतः गेले.

९ नोव्हेंबर

काल लग्न झालं. साडेतीनशे माणसं जेवली. सगळी सेलरी लागली.

संध्याकाळच्या जेवणाला अविवाहित मुलामुलींच्या जोड्या नवरी ठरवते. लिडियानने माझं नाव कुणासमोर लिहिलं होतं ते मी बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. मुलं दारात नेहमीसारखी घुटमळत होती, एकमेकांना पुढे ढकलत. बेन्यूअल एकटा ढकलल्याशिवाय आला आणि त्याने माझा हात धरला. तो कोरडा आणि खरखरीत होता. माझा, मला वाटतं, गार होता.

टेबलावर आमच्या दोघांमध्ये बरणीत सेलरी उभी होती.

"ऑगस्टपासून तुमच्या घरावरून जाताना मी घोडा पळवत होतो," तो म्हणाला. "ही वाढताना बघवत नव्हती."

"विचारायचं होतंस."

"विचारलं की! तू म्हणालीस, माती चांगली आहे."

"होतीच चांगली."

तो इतक्या मोठ्याने हसला की पलीकडच्या टेबलावरून माल्व्हीनाने मान वळवली. मग तो गंभीर झाला. "बाटल्या घेऊन आलीस त्या दिवशी सांगू शकली असतीस."

"हो."

"मी गेलो असतो तर?"

"तर गेला असतास," मी म्हटलं. "तू कशासाठी राहतोस ते मला माहीत असायला हवं होतं."

"आणि आता माहीत आहे?"

"माझ्यासाठी राहिला नाहीस."

"नाही," तो म्हणाला. "तुझ्यासाठी नाही राहिलो. बाबांना आत आणताना कळलं, हे बाक सोडून मी कुठे जाणार. पण राहिल्यावर रोज सकाळी वाटायचं, राहणं फार अवघड आहे, ती बाग रस्त्यावरच आहे." त्याने बरणीतून एक देठ काढला, मोडला आणि अर्धा मला दिला. "आता तसं अवघड नाही."

आम्ही सेलरी खाल्ली. कडक आणि गोड होती. भर नीट दिली होती.

२५ फेब्रुवारी

सेलरीचं बी बारीक असतं आणि उगवायला फार वेळ घेतं. नोव्हेंबरला हवी असेल तर आत्ताच पेरलेली बरी. मी पत्र्याचे ट्रे धुतले, माती चाळून भरली आणि पेरायला लागले. आई आत आली. खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंड्या एकेक उचलून तिने जमिनीवर ठेवल्या आणि मला जागा करून दिली. शेवटची कुंडी ठेवल्यावर एप्रनने डोळे पुसले आणि चुलीकडे गेली.

तेवढ्यात आरीमावशी आली. खिडकीकडे बघितलं, शिवणाच्या टेबलाकडे बघितलं.

"एवढी सेलरी कशाला गं?"

"तुझ्या गाळ्यासाठी," मी म्हटलं.

"मी लोणची विकते!"

"यंदा भाजी ठेव."